अर्जी आणि आरजी

आमच्या खासदारांनी माझ्या निवेदनातला एकच शब्द खोडला. 'तीव्र', 'जाहीर', 'जनतेच्या सहनशीलतेचा अंत' हे मी मेहनतीनं बसवलेले शब्द त्यांनी शांतपणे वाचले, त्यातल्या एकालाही हात लावला नाही. शेवटच्या ओळीत 'कायमस्वरूपी थांबा देण्यात यावा' असं होतं. खिशातलं पेन काढून त्यांनी 'कायमस्वरूपी'वर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'प्रायोगिक तत्त्वावर'.

"हां. आता झालं," म्हणाले आणि कागद पीएकडं दिला.

मला तेव्हापासून त्या माणसाचा संशय आहे आणि तो आजही गेलेला नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला फसल्यासारखं वाटायला नको.

थांबा म्हणजे रेल्वेचा. आम्ही मुकुंदवाडीचे. स्टेशन घरापासून इतकं जवळ की गाडीचा भोंगा झाला की आई चुलीपुढून म्हणणार, "गेली बघ." सकाळी जालन्याकडं जाणारी पॅसेंजर आमच्या स्टेशनावर थांबायची आणि माझी वहिनी तिच्यात बसायची. बदनापूरच्या पुढं, सडकेपासून चांगलं आत, रुळाला लागून एक गाव आहे. तिथल्या शाळेवर ती शिक्षणसेवक होती. शिक्षणसेवक म्हणजे काम पुरं, पगाराच्या जागी मानधन आणि नोकरी अधांतरी. काही वर्षं अशी काढली आणि शेरा वाईट पडला नाही तर कायम करतात. वहिनीचं शेवटचं वर्ष चालू होतं.

त्याच वर्षी नवं वेळापत्रक आलं आणि पॅसेंजरनं मुकुंदवाडी सोडली. कारण काय, तर मोठं स्टेशन जवळच आहे. आता मोठं स्टेशन पश्चिमेला आणि वहिनीची शाळा पूर्वेला. म्हणजे या बाईनं पहाटे उलट्या दिशेला जायचं, तिथं गाडीत बसायचं आणि त्याच गाडीतून आपल्याच घरावरून, आपलीच वाळत घातलेली धुणी बघत, शाळेकडं जायचं. तेवढ्या सकाळी आमच्याकडून सिटी बस नव्हती. रोजची रिक्षा मानधनात बसत नव्हती. एसटीनं गेलं तर फाट्यावर उतरून रानातून पायी, आणि शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना होऊन जायची. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "बाई, अजून उशीर झाला तर मला शेरा लिहावा लागंल."

आईनं त्यावर आपला निकाल दिला. "सोडून दे म्हणते मी. रानानं एकटीनं जायचं, कशासाठी?"

वहिनी डबा भरत राहिली. मग मी बाहेर निघालो तेव्हा माझ्या मागं दारापर्यंत आली. "भाऊजी, तुमी एवढी पत्रकं काढता. पाण्यावर काढली, होस्टेलवर काढली. माझ्या गाडीवर एक काढा की."

माझं एम.ए.ला नाव होतं, पण शिकलो मी पत्रकांवर. गुलाबी कागद, वर 'जाहीर निषेध', खाली 'आपले नम्र'. निवेदन घेऊन मी खासदारांच्या बंगल्यावर गेलो ते याच शिक्षणाच्या जोरावर.

बंगला जुन्या भागात. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, बाकी लोक पायऱ्यांवर. खासदार उंच, वाळलेले, पांढऱ्या टेरिलीनमध्ये. आमच्या घरात माझ्या वडिलांनी पहिलं मत दिलं ते त्यांना आणि माझं पहिलं मत मी दिलं ते त्यांच्या विरोधात. मधल्या काळात त्यांचा पक्ष बदलला, चिन्ह बदललं. ते मात्र दिल्लीला जातच राहिले. मधे एकदा पडले म्हणतात, पण लोक ते सांगताना त्यांना ताप आला होता असं सांगतात.

"काय पुढारी, कुठलं?"

"मुकुंदवाडी."

"मुकुंदवाडीचे आन् इतके बारीक? तिकडं तर जमिनी गेल्या, पैसा आला आन् दारात गाड्या आल्या म्हणं." पायऱ्यांवरचे लोक हसले. मग त्यांनी कागद वाचला आणि तो शब्द खोडला.

मी विचारलं, "साहेब, शब्द काऊन खोडला?"

"कायमचं मागितलं का फाईल वर जाते. वर गेलेली फाईल खाली आल्याली म्या काय पाह्यली नाय. प्रायोगिक मागा. खालचाच साहेब सही करतोय. सहा महिने."

"आणि सहा महिन्यांनी?"

"सहा महिन्यांनी तुमी हायेत, म्या हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या वाक्याचं शेवटचं टोक टोचलं. आम्ही आहोत हे ठीक. पण तुम्ही कशाला पाहिजेत? कायमचं दिलं तर तुमची गरजच काय? मी असं म्हणालो नाही. कागदावर त्यांनी शिफारशीची सही केली. ती सही उजवीकडून डावीकडं गेली. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या उर्दू शाळेत झालेलं.

तिथून मी सायकल मारली ती चाचाच्या छापखान्यावर. चाचा माझी सगळी पत्रकं छापायचा आणि छापताना शिव्या द्यायचा. तो खासदारांच्याच वर्गात होता, एका बाकावर म्हणे. मी तणतणत झालेलं सांगितलं.

"कायम काट दिया ना?" चाचा शाईचे हात पुसत म्हणाला. "हौ. काटताइच वो. आरजी कर के देता."

"आरजी म्हणजे?"

"एम.ए. होरा तू? आरजी बोले तो हंगामी. टेम्परवारी." मग त्यानं स्टूल माझ्याकडं सरकवलं. "पोलीस ॲक्शन हुआ ना, तब हम लोगां स्कूल में थे. उसके बाद सब आरजी. मास्टर आरजी, तहसीलदार आरजी, चौकी पे का जवान आरजी. आधा साल उर्दू में पढ़े, आधा साल मराठी में. वो तेरा खासदार कचेरी में लगा, वो बी आरजी कारकून. देहात का आदमी आता, उसकू उर्दू नक्को, नये साहब कू उर्दू आती नै. ये बीच में बैठता. अर्जियाँ लिखता. अर्जी लिख लिख के लीडर बन गया."

मग बोट वर करून, जणू छपाईचे खिळे जुळवतोय अशा थाटात, म्हणाला, "अर्जी और आरजी. बस, इत्ताइच है उसका पॉलिटिक्स."

मला मथळा मिळाला. पण नुसत्या मथळ्यावर पत्रक निघत नाही, पुरावा पाहिजे. मी शहरात आणि शहराबाहेर आरजी वस्तू शोधायला लागलो, आणि जिकडं बघावं तिकडं त्याच. पडेगावला एक सिटी बसची फेरी होती, 'तात्पुरती', मी जन्मायच्या आधीपासून. दरवर्षी ती बंद होणार अशी हवा उठायची, मग गावातले लोक हार घेऊन बंगल्यावर जायचे आणि फेरी चालू राहायची. हवा कोण उठवायचं? कुणाला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मला ठाऊक आहे.

अजिंठ्याला गेलो तर दवाखान्याचा पत्र्याचा शेड. 'पक्की इमारत होईपर्यंत' म्हणून उभा केलेला. पत्रा गंजून त्याची चाळणी झालेली. समोर चहाचं दुकान होतं. दुकानदार मेंढरंवाल्यांच्या घरातला, आता चहावर स्थिरावलेला. त्याला म्हटलं, "पक्की इमारत का मागत नाही तुम्ही?"

"मागतो की. दरसाल मागतो."

"मग?"

"मग साहेब येतेत. बसतेत इथंच, ह्या बाकड्यावर. म्हाताऱ्याची चौकशी करतेत. औंदा औषधाचं कपाट आणलं."

"पण इमारत?"

तो माझ्याकडं बघत राहिला, मला कळत कसं नाही म्हणून. "आवो, पक्की झाल्यावर साहेब कशाला येतील हिकडं?"

तो हे रागानं म्हणाला असता तर मी त्याला मिठी मारली असती. तो प्रेमानं म्हणाला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

'अर्जी आणि आरजी' हे पत्रक मी त्याच आठवड्यात लिहिलं. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक होतं. 'हा खासदार प्रश्न सोडवत नाही, प्रश्न भाड्यानं देतो' असं त्यात होतं. चाचानं ते वाचलं, एकदा मोठ्यानं हसला, आणि छापून दिलं. पण वाटायच्या आधीच बातमी आली. थांबा मंजूर. प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिने. उद्घाटनाला खासदार येणार, हिरवा झेंडा दाखवणार.

उद्घाटनाच्या सकाळी मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीत घालून निघालो. वहिनी माझ्याबरोबर चालत होती, धुतलेली साडी, डबा, पर्स. तिनं पिशवीकडं बघितलं.

"काय आहे त्यात?"

"पत्रकं."

"साहेबांवर?"

"व्हय."

ती थोडं चालली. मग म्हणाली, "वाटा. पण माझी गाडी हलल्यावर वाटा."

फलाटावर सनई, हार, पेढे. गाडी आली आणि थांबली. आमच्या सगळ्या गल्लीनं असा टाळ्यांचा कडकडाट केला की आतले जालन्याचे लोक दचकून खिडकीशी आले. खासदारांनी झेंडा हलवला. वहिनी चढली, खिडकीत बसली, माझ्याकडं बघून हसली. गाडी हलली. शेवटचा डबा फलाटाबाहेर गेल्यावरच मी पिशवी उघडली.

पहिलं पत्रक मी सरळ खासदारांच्या हातात दिलं. मागून देणं मला जमत नाही. त्यांनी चष्मा लावला आणि तिथंच, हार गळ्यात असताना, पूर्ण वाचलं. भोवतीचे कार्यकर्ते माझ्या अंगावर यायच्या तयारीत होते. त्यांनी हातानंच थांबवलं.

"आरजी," ते म्हणाले. "लई दिवसांनी ऐकला हा शब्द. छापखानेवाल्यानं सांगितला आसंल."

मी पिशवीतून दुसरं पत्रक काढलं.

"पुढारी, तुमी कायम म्हंता. म्या कायम पाह्यलंय. हितं एक राज्य होतं, ते कायमच होतं. त्याचं नाणं, त्याचं टपाल, त्याची रेल्वे. म्या शाळेत होतो. पाच दिसात गेलं." त्यांनी पत्रकाची नीट घडी घालून खिशात ठेवली. "तवापासून म्या कुणाला कायमचं काय मागितलं नाय. ना दिलं."

लोक भारावले. एक म्हातारा डोळे पुसत होता. आणि मला, कबूल करतो, घटकाभर अंगावर काटा आला. मग लगेच वाटलं, हे वाक्य त्यांनी याआधी किती फलाटांवर म्हटलं असेल? थांबायची जागा बरोबर, 'ना दिलं'च्या आधीचा श्वास बरोबर. इतकं बरोबर पहिल्या वेळी होत नाही. आणि राज्य पाच दिवसांत गेलं म्हणून अजिंठ्याच्या दवाखान्याला पत्रा गंजेपर्यंत छप्पर नाही, हा कुठला न्याय?

गाडी थांबत राहिली. वहिनी वेळेवर पोचत राहिली. सहा महिने संपत आले तेव्हा निवडणूक लागली होती, आणि वहिनीची कायम होण्याची तारीख थांबा संपल्यावर थोड्या दिवसांनी होती. म्हणजे नेमक्या त्या फटीत गाडी गेली तर इतक्या वर्षांवर पाणी. मी दुसरी अर्जी घेऊन बंगल्यावर गेलो.

पीएनं मला आतल्या खोलीत बसवलं. चहा आला. हे काही बरं लक्षण नव्हतं, मला तिथं कधी चहा मिळाला नव्हता.

"तुमची भाषा साहेबांना आवडली," पीए म्हणाला. "यंदाचं पत्रक तुम्ही लिहा. साहेबांनी काय काय केलं, एवढंच. आणि ते थांब्याचं पत्र आजच जाईल."

या दोन वाक्यांत त्यानं 'तर' घातला नाही. एकामागं एक नुसती ठेवली. पत्रकं लिहिणाऱ्याला वाक्यं कशी शेजारी ठेवतात ते कळतं.

मी म्हणालो, "लिहितो. पण खरं तेच लिहीन." आणि तिथंच बसून लिहिलं. पडेगावची बस, अजिंठ्याचा दवाखाना, मुकुंदवाडीचा थांबा, सगळं लिहिलं, आणि प्रत्येकापुढं 'प्रायोगिक तत्त्वावर'. शेवटी लिहिलं, 'अशा आपल्या खासदारांना पुन्हा एकदा, प्रायोगिक तत्त्वावर, निवडून द्या.'

खासदार आत आले. खुर्चीत बसून वाचलं. मधे एकदा त्यांच्या मिशीत हलल्यासारखं झालं. मग पेन काढलं, आणि शेवटच्या ओळीतले तेवढे दोन शब्द खोडले. तेवढेच. बाकीचे 'प्रायोगिक' तसेच ठेवले.

"हे शब्द रेल्वेला चालतेत, पुढारी. मतदाराला नाय."

मी कागद ओढून घेतला, घडी केली आणि म्हणालो, "मग दुसऱ्याकडून लिहून घ्या." पायऱ्या उतरताना मला वाटलं होतं, मागून कुणीतरी हाक मारेल. कुणी मारली नाही.

घरी आल्यावर मी हे सगळं मोठ्या रुबाबात सांगितलं. आई ऐकता ऐकता तांदूळ निवडायची थांबली. वहिनी उठून उभी राहिली. मी तिला कधी मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"दोन शब्दच होते ना? राहू द्यायचे होते खोडल्याले!"

"वहिनी, तत्त्वाचा प्रश्न..."

"तत्त्व! तुमचं तत्त्व कायम आणि माझी नोकरी प्रायोगिक? तुमाला पत्रक काढायला उद्या दुसरा माणूस भेटंल. मला दुसरी गाडी भेटणार हाय का?"

 मी बरोबर होतो असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. पण बरोबर असणं मला फुकट पडलं होतं, किंमत तिच्याकडून वसूल होणार होती. हे माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

मुदत संपल्यानंतरची पहिली सकाळ. वहिनी नेहमीच्या वेळेला निघाली. भाऊ कंपनीतून शिफ्ट करून नुकताच आला होता, तो तसाच तिच्याबरोबर निघाला. मला कुणी ये म्हटलं नाही, मी मागून गेलो. फलाटावर रोजचे लोक होते, पण कुणी पुढं होत नव्हतं. सगळे मागं, भिंतीला टेकून. गाडी थांबली नाही तर फजिती नको म्हणून. वहिनी एकटी पिवळ्या रेघेशी उभी राहिली, डबा हातात.

भोंगा झाला. गाडी दिसली. वेग होता. मी तोंड फिरवलं.

मग ब्रेक लागले. तो आवाज मी आजही ओळखेन. गाडी थांबली, वहिनी चढली, आणि भिंतीला टेकलेले सगळे एकदम धावले.

फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं ते मग वाचलं. 'सदर थांबा पुढील आदेशापर्यंत चालू राहील.'

हे कुणी केलं? संध्याकाळच्या सभेत खासदार म्हणाले, मी केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण माझ्या हातात त्यांचा खोडलेला कागद होता, आणि माझ्या दुसऱ्या अर्जीवर त्यांनी सही केलेली नव्हती. मग मी गेल्यावर केली? की रेल्वे हे असलं काही आपसूकच वाढवत राहते, आणि हा माणूस इतकी वर्षं नुसता शेजारी उभा राहून हार घेत आला? चाचाला विचारलं तर म्हणाला, "दोनो बातां सच रैंगी, मियाँ. तू एकीच ढूँढ रा." मी दोन्ही शोधल्या. एकीचाही पत्ता लागला नाही. खासदार निवडून आले. त्यांच्या पत्रकात 'प्रायोगिक' हा शब्द कुठंच नव्हता. कुणी लिहिलं होतं कुणास ठाऊक, भाषा भिकार होती.

वहिनी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. जेवायला वाढायची, ताट समोर ठेवायची, बस्स.

मग एके दिवशी ती शाळेतून आली आणि आईच्या पाया पडली. भावाच्या हातात पेढा दिला. माझ्यापुढं येऊन तिनं पर्समधून एक कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तिचा आदेश. 'सेवेत कायम करण्यात येत आहे.' शिक्का, सही, सगळं.

"वाचलं," मी म्हणालो. "अभिनंदन, वहिनी."

"तसं नाय." ती माझ्या शेजारी खाली बसली. कागद उजेडाकडं धरला आणि त्या शब्दाखाली नख ठेवलं. "तुमाला लई कळतं त्यातलं. नीट बघून सांगा भाऊजी, कुठं खोडाखोड तर नाय ना?"